देशकरताईंची बडबडगीतं

तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी राहायला आले, तेव्हा खालच्या घरात तान्हं बाळ आहे अशी माझी पक्की समजूत झाली. सकाळी ऑफिसच्या वेळेआधी आणि संध्याकाळी दिवे लागले की खालून एका बाईचा आवाज यायचा. आवाज खणखणीत, हाताखालच्या माणसाला फाईल परत पाठवणाऱ्याचा. पण त्या आवाजात चालायची ती बडबडगीतं. आधी चिऊ-काऊच्या नावाने घास, मग मोराला तळहातावर येऊन बसण्याचं आमंत्रण, शेवटी चांदोबाची विचारपूस. मधूनच कोणीतरी हसायचं, पण ते हसू वरपर्यंत नीट ऐकू यायचं नाही.

मी मूळची बुऱ्हाणपूरची. आई गेली त्याच वर्षी माझी भोपाळच्या एका सरकारी कॉलेजात बदली झाली. भूगोल शिकवायचा आणि घरी येऊन कुलूप उघडायचं, एवढाच दिवस. एकटीने घर मांडण्याची ती माझी पहिलीच वेळ. वर्गात हिंदी, रस्त्यावर हिंदी, शेजारीपाजारी हिंदी. आई होती तोवर मराठी ही घरातल्या हवेसारखी होती; ती गेल्यावर कळलं, की मी दिवसचे दिवस मराठीत एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे खालची गाणी सुरू झाली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी उभी राहायची. एका रविवारी न्यू मार्केटमधून लाकडी खुळखुळा घेतला आणि बाळ बघायला म्हणून खाली गेले.

दार उघडलं ते उंच, सडपातळ, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाईंनी. आत खुर्चीवर गळ्याभोवती टॉवेल बांधलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. मिशा पांढऱ्या, दाढी गुळगुळीत केलेली. त्याच्यापुढे वरणभाताची ताटली होती. मी घाईघाईने खुळखुळा पाठीमागे नेला, आणि तो वाजला.

"आण," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच आणला नं?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी खुळखुळा घेऊन त्या माणसाच्या हातात दिला. त्याने तो कानाशी धरून वाजवला, ऐकला, पुन्हा वाजवला, आणि माझ्याकडे पाहून असा हसला की माझा संकोच तिथेच संपला.

"हा विनायक, माझा धाकटा भाऊ. विनू म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आणि तू बस. उभ्या उभ्या मराठी बोलता येत नाही."

त्या सुलभा देशकर. एका संचालनालयात अधिकारी होत्या; त्या ऑफिसात असत तेवढा वेळ विनूदादाजवळ कामाची बाई बसायची. वडील नागपूरचे, राज्याची ऑफिसं भोपाळला आली तेव्हा बिऱ्हाड घेऊन आले आणि इथलेच झाले. विनूदादा जन्मतःच कमी समजेचा. त्याचं शरीर वाढत जाईल, पण समज दोन-अडीच वर्षांच्या मुलाएवढीच राहील, असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं होतं. आई त्याला गाणी म्हणत जेवू घालायची. ताई कॉलेजात असताना आई गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विनूदादा तोंड मिटून बसून राहिला. कोणी काही केलं तरी घास घेईना. शेवटी ताईंनी आईसारखं चिऊचं नाव घेतलं. त्याने तोंड उघडलं. "बस, तिथून माझी नोकरी सुरू झाली," असं त्या सांगायच्या. "सरकारी नंतर लागली."

लग्नाचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला. "एक स्थळ चांगलं होतं. मुलगा बोलायला मोकळा होता, मलाही आवडला होता. त्याच्या वडिलांनी विचारलं, भावाचं पुढे काय करणार. मी म्हटलं, जेवायला घालणार. त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिली." एवढं बोलून त्या विनूदादाच्या मिशीला लागलेलं वरण पुसू लागल्या.

हीच चार-सहा गाणी ताई रोज म्हणत आल्या होत्या. काळ्या केसांपासून पांढऱ्या केसांपर्यंत. इतर आया ती वर्ष-दीड वर्ष म्हणतात, मूल मोठं होतं, गाणी माळ्यावर जातात. ताईंना ती कधी माळ्यावर ठेवताच आली नाहीत. मी एकदा विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत? शब्द अगदी झिजून गेले असतील."

"झिजतात नं," त्या म्हणाल्या. "झिजल्याशिवाय आतलं दिसत नाही."

आतलं म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. मी संध्याकाळी खाली जाऊन बसू लागले आणि ताई घास भरवता भरवता बोलायच्या. चेहरा ऑफिसातलाच, गंभीर. पावसाला नाणं देऊ करणारं गाणं झालं की म्हणायच्या, "नाणं खोटं निघालं, तरी पाऊस आला. म्हणजे त्याला नाणं नकोच होतं. आपल्यालाच वाटते, काही दिल्याबिगर काही येत नाही." मोराचं झालं की म्हणायच्या, "एवढं बोलावलं, दाणा घातला, पाणी पाजलं, आणि शेवटी काय, तर भुर्र. लहान पोराच्या तळहातावर हे शिकवून ठेवतात. मग तो मोठा होऊन मूठ आवळून बसतो."

सगळ्यात आवडतं चांदोबाचं. चांदोबाला थकलास का म्हणून विचारायचं, तो कुठे लपला ते विचारायचं. ताई खिडकीकडे तोंड करून विचारायच्या आणि विनूदादा चांदोबाच्या वतीने उत्तर द्यायचा. त्याला शब्द मोजकेच यायचे, त्यांतला हा एक. "नाही."

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि उत्तर दिल्यावर रोज तेवढंच हसू. त्याला ते दर वेळी नवं असायचं. ताई म्हणायच्या, "बघ, याला काल माहीतच नाही. म्हणून याचं हसू कधी शिळं होत नाही. मला काल माहीत आहे, परवा माहीत आहे, पेन्शनची तारीख माहीत आहे. मी याच्याकडून हसू उसनं घेऊन राहिली."

त्या सुमारास मी जपानी झेन गुरूंच्या गोष्टींचं एक पुस्तक वाचत होते. शिष्य मोठा गहन प्रश्न विचारतो आणि गुरू भलतंच काहीतरी बोलतो, नाहीतर नुसता हसतो, आणि त्या भलत्यातच सगळं असतं. मी ताईंना म्हटलं, "तुम्ही करता ते झेनच आहे."

त्यांनी दोन-तीन गोष्टी ऐकून घेतल्या. चष्मा पुसला. "चांगले लोक आहेत," त्या म्हणाल्या. "विनूसारखेच बोलतात. फक्त यांना पुस्तक होण्याइतके शिष्य मिळाले."

एकदा विनूदादाला तपासायला एक नवीन, तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मनाने चांगल्या होत्या. त्यांनी समजावलं, की माणूस पन्नाशीचा आहे, त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोलून बघा, त्याचाही मान राहतो. ताईंना ते पटलं. डॉक्टरांनी दिलेली चित्रांची कार्डं वापरून विनूदादा पाणी मागायला शिकलाही, आणि ताईंनी त्याचं श्रेय त्यांना मनापासून दिलं. पण जेवताना गाण्यांऐवजी वर्तमानपत्र वाचायचं ठरवलं, ते फसलं. आठवडाभर ताई रोज मोठ्याने बातम्या वाचत होत्या. पाणीपुरवठा, विधानसभा, हवामान. विनूदादा शहाण्यासारखा ऐकायचा, घासही घ्यायचा, पण हसायचा नाही. शेवटी एक दिवस त्याने हात उचलून ताईंच्या तोंडावर ठेवला, अगदी अलगद, दार लोटावं तसा.

"डॉक्टरांचं बरोबर असेल," ताई मला म्हणाल्या. "पण त्याला मी मोठी झालेली आवडत नाही."

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं रिक्षाने मोठ्या तलावावर जायचो. ताई विनूदादाला इस्त्रीचा शर्ट घालायच्या, मिशी विंचरायच्या. एकदा पाण्यावर अजून उजेड होता आणि पलीकडच्या टेकडीवर चंद्र वर आला होता. ताईंनी नेहमीच्या आवाजात त्याची विचारपूस सुरू केली. शेजारच्या बाकावर कॉलेजची मुलं होती. ती एकमेकांना कोपर मारून हसू लागली. ताई वळल्या आणि अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, "तुम लोग भी पूछ लो, बेटा. इसका कोई फॉर्म नहीं भरना पड़ता."

मग मुलांतल्या एकाने खरंच चंद्राकडे तोंड करून विचारलं, "थक गए क्या, मामा?" आणि विनूदादाने हिंदीतल्या प्रश्नालाही बिनचूक उत्तर दिलं, "नाही." मुलं हसली, विनूदादा हसला, ताईही हसल्या. ताईंना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं ते तेवढंच. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आज याला लोक भेटले." तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की कामाची बाई सोडली, तर या घरात माझ्याशिवाय कोणी येत नाही.

पुढच्या थंडीत विनूदादाला खोकला झाला, तो छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा उशीर झाला नव्हता, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण त्याचं शरीर थकलं होतं. ताई पलंगाशी बसून होत्या. तोंडावर मास्क होता, घास भरवायचा प्रश्नच नव्हता, तरी त्या हळू आवाजात गाणी म्हणत होत्या. चांदोबाच्या प्रश्नाशी आल्या की थांबायच्या. मास्कच्या आत ओठ हलतात का ते बघायच्या. शेवटच्या दिवशी ओठ हलले नाहीत. दुपारी तो गेला.

सांत्वनाला ऑफिसचे लोक आले, नागपूरहून चुलतभाऊ आला. प्रत्येकाने एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत म्हटलं: सुटला बिचारा, आणि तुम्हीही सुटलात. ताई सगळ्यांना चहा देत होत्या. लोक गेल्यावर कपबशा विसळताना मला म्हणाल्या, "हातातून भांडं सुटलं की आवाज होते नं. तो होतो आणि थांबतो. हा थांबून नाही राहिला."

मला वाटलं होतं, ज्या बाईला मोराच्या उडण्याचा अर्थ इतका नीट माहीत आहे, ती हे दुःख पेलेल. मी तसं काहीसं बोललेही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "ते सगळं तो समोर बसला असताना सुचायचं," त्या म्हणाल्या. "तो नाही तर ती नुसती गाणी आहेत. बाजारातही मिळतात."

खालचं घर बंद पडल्यासारखं झालं. ताई ऑफिसला जायच्या, यायच्या. भाजी चिरल्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज यायचा. पण सकाळ-संध्याकाळ जिथे गाणी असायची, तिथे काहीच नसायचं. मी माझ्या खिडकीशी उभी राहायची आणि ते काहीच नसणं ऐकायची. आईच्या मागे मी स्वतःला बरंच सावरलं असं समजत होते. त्या दिवसांत कळलं, की मी सावरले नव्हते, फक्त खालच्या आवाजावर टेकून उभी होते.

मी त्यांच्यासोबत जेवायला जाऊ लागले. ताई दोन ताटं वाढायच्या, भात कालवायच्या आणि हात तसाच ताटात राहायचा. इतकी वर्षं त्या आधी दुसऱ्याला भरवून मग जेवल्या होत्या; आधी स्वतः जेवायचं कसं, ते त्यांना येतच नव्हतं. वजन उतरलं, ब्लाउज खांद्यावरून ओघळू लागले. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी त्यांच्या ताटातला एक घास उचलला आणि चिऊचं नाव घेऊन त्यांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी माझा हात खाली केला. "तू म्हणू नको," त्या म्हणाल्या. "तुला येत नाही." आणि उठून आत गेल्या. मी दार ओढून वर आले. त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं जिन्यातल्या "काय, कशी आहेस" एवढ्यावर आलं.

मग एका सकाळी ताई स्वतः वर आल्या. पहिल्यांदाच. विनूदादाला एकटं टाकून येता यायचं नाही, म्हणून त्यांनी माझं घर कधी पाहिलंच नव्हतं. पोहे आणि जिलबी पुड्यात बांधून आणली होती. इकडे तिकडे पाहत म्हणाल्या, "असं आहे होय. अगदी आमच्यासारखंच. फक्त वरती." मग बसल्या.

"मी विचार करून राहिली होती, तुला काहून रागावले," त्या म्हणाल्या. "तू म्हटलं ते बरोबर होतं. चालही बरोबर होती. पण म्हणताना तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी खाते का म्हणून. ते गाणं तसं म्हणायचं नसते. चांदोबाला आपण विचारतो, तो काही सांगेल म्हणून थोडीच विचारतो? विनू उत्तर द्यायचा ही त्याची मर्जी. नसता देत तरी मी विचारत होतेच. आई गेली तेव्हा मीही तसंच म्हटलं होतं, तो खाईल याची आशा सोडून. तेव्हा त्याने तोंड उघडलं."

मी म्हटलं, "मग हॉस्पिटलमध्ये?"

ताई पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. "तिथे मी उत्तराची वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "तेवढ्या एका गोष्टीत हरले मी."

आम्ही पोहे खाल्ले. ताईंनी जिलबीही खाल्ली, संपूर्ण, कोणाचंही नाव न घेता.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. नागपूरच्या चुलतभावाने बोलावलं होतं, वरची खोली रिकामी होती, माणसं चांगली होती. ताई गेल्या नाहीत. टी. टी. नगरच्या बाजारामागे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मला ते वेडेपणाचं वाटलं. इथे कोण होतं त्यांना? मी तसं विचारलं, तेव्हा त्या मला सोबत घेऊन भाजी आणायला निघाल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने त्यांना पाहून वजन करता करता विचारलं, "दीदी, भैया कैसे हैं? बहुत दिन से लाईं नहीं."

"अच्छे हैं," ताई म्हणाल्या आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

परत येताना त्याच म्हणाल्या, "नागपुरात हे मला कोण विचारेल, सांग. तिथे विनूला पाहिलेलं कोणी नाही. तिथे मी पहिल्यापासून एकटीच असेन."

त्यांचं एकटेपण असं होतं. त्या ते लपवत नसत, त्याची कुरकुरही करत नसत. घरात आलेल्या थोड्या विचित्र पाहुण्यासारखं त्याला वागवत. सण आला की एका माणसापुरतं पुरण कसं शिजवावं याचा त्यांना प्रश्न पडायचा आणि मग त्या मला फोन करायच्या. "ये. पुरण ऐकून नाही राहिलं, चार माणसांचं झालं." मी जायची. आम्ही दोघी मिळूनही ते संपायचं नाही.

यंदा माझी सागरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं त्या दुपारी ट्रक वाटेत थांबवून मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. ताईंनी चहा केला. कॉलेज कसं आहे, घर मिळालं का, तिथे मराठी माणसं आहेत का, सगळं विचारून झालं. मग खिडकीत उभ्या राहून, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "मी एक गाणं केलं आहे. आजवर सगळी आईचीच म्हटली. हे माझं. ऐकतेस?"

मी हो म्हटलं. त्यांनी वळून घसा साफ केला आणि मंजूर-नामंजूर सांगावं तशा गंभीर चेहऱ्याने म्हटलं:

घरात कोण? मी गं मी.
दारात कोण? तीच मी.
कडी कोणी वाजवली?
जिने वाजवली तिनेच काढली.
ये गं बाई, बस गं बाई,
जायची तुला घाई नाही.

मी हसले. ताई माझ्याकडे निरखून पाहत होत्या.

"कसं आहे?"

"छान आहे," मी म्हटलं. "पण एकदम संपल्यासारखं वाटतं. शेवट अजून हवा होता."

"त्याला शेवट नाही," ताई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "पोचलीस की फोन कर" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर पोचले असेन, तेव्हा वर कडी वाजली. बाहेरून नाही, आतून.

"कोण?" ताईंनी विचारलं.

मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली ट्रकवाला हॉर्न देत होता. बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात, त्यांनी उत्तर दिलं. मग मी खाली उतरले.